नागरी प्रश्नांसाठी कोडिंगचे शालेय शिक्षण

नागरी प्रश्नांसाठी कोडिंगचे शालेय शिक्षण ही माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांना आज्ञावलीलेखन, अर्थात कोडिंग, शिकविण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत विद्यार्थी आपल्या परिसरातील एखादा सार्वजनिक प्रश्न निवडतात, त्याची प्रत्यक्ष पाहणी करतात आणि त्याच्या निदान एका भागावर उपयोगी पडेल असे ॲप, नकाशा किंवा नोंदवही तयार करतात. नळावरची रांग, बंद पडलेले पथदिवे, न उचललेला कचरा, विहिरीच्या पाण्याची शुद्धता असे विषय त्यासाठी निवडले जातात. कोडिंग हे या शिक्षणाचे निम्मे अंग असून उरलेले निम्मे नागरिकशास्त्राचे आहे. तक्रार कोणाकडे करावयाची, त्या अधिकाऱ्याच्या हाती काय असते आणि हाती घेतलेला प्रश्न ॲपने सुटण्याजोगा आहे काय, हे ठरविता येणे हाही या अभ्यासाचा भाग मानला जातो. प्रत्यक्षात मात्र हे दुसरे अंग अनेकदा मागे पडते.

पार्श्वभूमी

शाळकरी मुलांनी संगणकाला स्वतः आज्ञा द्याव्यात ही कल्पना १९६०च्या दशकातील आहे. वॉली फॉयरझाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ मध्ये अमेरिकेत ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. पुढे या भाषेला ‘कासव’ मिळाले. इतकी पावले पुढे जा, इतके अंश उजवीकडे वळ, अशा आज्ञा देऊन मुले त्या कासवाकडून चित्रे काढून घेऊ लागली. संगणकाला शिकविता शिकविता मूल स्वतःच्या विचारपद्धतीकडे पाहू लागते, हा विचार पॅपर्ट यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या ग्रंथात विस्ताराने मांडला.

२००७ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेच्या मीडिया लॅबमधील मिचेल रेझनिक यांच्या गटाने ‘स्क्रॅच’ ही भाषा सर्वांसाठी खुली केली. तीत आज्ञा टंकाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून आज्ञावली तयार होते. कंस किंवा स्वल्पविराम चुकला म्हणून सगळे काम अडून बसण्याचा नवशिक्यांचा जुना त्रास त्यामुळे संपला. स्क्रॅचमध्ये मुलांनी केलेले काम बहुधा खेळ, गोष्टी व चलच्चित्रे यांचे असे आणि ते संगणकाच्या पडद्यापुरते राही.

हे काम पडद्याबाहेर पडण्यास ‘ॲप इन्व्हेंटर’ कारणीभूत ठरले. हॅल ॲबेलसन व मार्क फ्रीडमन यांच्या पुढाकाराने गूगलमध्ये तयार झालेले हे साधन २०१० मध्ये लोकांपुढे आले व २०१२ पासून एमआयटी ते चालविते. यातही ठोकळेच जोडावयाचे असतात, परंतु त्यांतून अँड्रॉइड भ्रमणध्वनीवर चालणारे खरे ॲप तयार होते. भ्रमणध्वनीला स्थान कळते, त्याला कॅमेरा असतो, तो संदेश पाठवितो आणि मुख्य म्हणजे तो रस्त्यावर नेता येतो. तासाला शिकलेली गोष्ट शाळा सुटल्यावर चौकात जाऊन वापरून पाहता येणे हा फरक लहान वाटला तरी अध्यापनाच्या दृष्टीने मोठा होता.

याच काळात प्रौढांच्या जगात ‘नागरी तंत्रज्ञान’ ही संज्ञा रुळत होती. ब्रिटनमध्ये २००७ साली सुरू झालेल्या ‘फिक्समायस्ट्रीट’ या संकेतस्थळावर नागरिक रस्त्यांतील खड्डे, बंद दिवे यांच्या तक्रारी नकाशावर नोंदवू लागले. केनियात २००७च्या अखेरीस झालेल्या निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला. त्याच्या नोंदी नकाशावर जमा करण्यासाठी २००८ मध्ये ‘उशाहिदी’ ही प्रणाली उभी राहिली. स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थ ‘साक्ष’ असा आहे. २००९ मध्ये जेनिफर पाल्का यांनी अमेरिकेत ‘कोड फॉर अमेरिका’ स्थापन केली. भारतात बेंगळुरूच्या ‘जनाग्रह’ या संस्थेने २०१० मध्ये लाचखोरीच्या अनुभवांची नोंद करणारे ‘आय पेड अ ब्राइब’ हे संकेतस्थळ सुरू केले. केंद्र सरकारचे ‘स्वच्छता’ ॲप २०१६चे आहे.

शालेय कोडिंग आणि नागरी तंत्रज्ञान या दोन प्रवाहांच्या संगमाला शास्त्रीय नाव देण्याचा प्रयत्न माइक टिसेनबॉम, जोश शेल्डन व हॅल ॲबेलसन यांनी २०१९ मध्ये केला. ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकातील लेखात त्यांनी ‘संगणकीय विचार’ या रूढ संकल्पनेच्या पुढची पायरी म्हणून ‘संगणकीय कृती’ ही संकल्पना मांडली. चल, अट, आवर्तन या गोष्टी आधी सुट्या शिकवावयाच्या आणि त्यांचा उपयोग पुढे कधीतरी कळेल असे सांगावयाचे, या क्रमावर त्यांचा आक्षेप आहे. विद्यार्थ्याला आरंभापासूनच आपल्या जीवनाशी संबंधित काही घडविता आले पाहिजे आणि ‘हे काम माझ्यासारख्याचे आहे’ अशी त्याची स्वतःविषयीची धारणा बनली पाहिजे, असे ते म्हणतात. लेखन शिकविताना केवळ बाराखडी गिरवून न घेता पहिल्याच वर्षी आजोबांना पत्र लिहावयास लावणारे शिक्षक मराठी शाळांतही होतेच. तत्त्व तेच आहे.

धारावीतील पाण्याची रांग

या शिक्षणाचे महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उदाहरण मुंबईतील धारावीचे आहे. चित्रपटकार नवनीत रंजन यांनी २०१२ मध्ये ‘धारावी डायरी’ हा माहितीपट तयार केला. त्यातूनच पुढे २०१४ मध्ये त्याच नावाचा शैक्षणिक प्रकल्प धारावीच्या नया नगर भागात सुरू झाला. तेथील शाळकरी मुलींनी ॲप इन्व्हेंटर शिकून आपल्या वस्तीच्या गरजांवर ॲप तयार केली. ‘विमेन फाइट बॅक’ हे महिलांच्या सुरक्षिततेसाठी होते. त्यात धोक्याचा इशारा, संदेश व स्थान पाठविण्याची सोय होती. ‘पढाई’ हे शिक्षणासाठी होते. तिसऱ्याचे नाव ‘पानी है जीवन’. सार्वजनिक नळावर पाणी भरण्यासाठी भ्रमणध्वनीवरून रांग लावता यावी आणि आपली पाळी आली की घरी सूचना मिळावी, ही त्यामागील कल्पना होती. पाण्यासाठी तिष्ठत उभे राहण्याचे काम बहुधा मुलींच्याच वाट्याला येते व त्यात शाळेचा वेळ जातो, हे ॲप करणाऱ्यांना कोणी सांगावे लागले नव्हते.

अध्यापनाच्या दृष्टीने हे तिसरे ॲप अधिक फलदायी आहे, कारण संगणकशास्त्रातील ‘रांग’ ही मूलभूत विदारचना त्यात जशीच्या तशी आढळते. विदा म्हणजे डेटा आणि विदारचना म्हणजे तो मांडून ठेवण्याची रीत. रांगेत नवे नाव शेवटी जोडले जाते आणि काढावयाचे नाव नेहमी सुरुवातीचे असते. जो आधी आला तो आधी सुटतो. याउलट ताटांच्या चळतीत शेवटी ठेवलेले ताट आधी उचलले जाते. तिला ‘चळत’ हीच संज्ञा आहे. पाठ्यपुस्तकात या दोन व्याख्या पाठ करून घेतल्या जातात. नळावर उभे राहिलेल्या मुलीला पहिलीची व्याख्या आधीपासूनच ठाऊक असते.

चाळीत व वस्तीत रांग लावण्याची जुनी रीत अशी, की पहाटे हंडा किंवा कळशी रांगेत ठेवून बायका घरकामाला जातात. भांडे त्यांच्या वतीने जागा धरून राहते. पाळी जवळ आली की शेजारीण हाक मारते. या व्यवस्थेत जागा धरणारी खूण, तिचा क्रम आणि पाळी आल्याची सूचना हे तिन्ही घटक आहेत. ॲपला नेमके हेच करावयाचे असते. हंड्याच्या जागी नाव येते आणि हाकेच्या जागी संदेश.

अशा ॲपची मांडणी वर्गात कशी उलगडते हे पाहण्यासारखे आहे. (पुढील विवेचन धारावीतील ॲपच्या प्रत्यक्ष रचनेचे नसून अशा कोणत्याही ॲपमागील तत्त्वांचे आहे.) पहिल्या प्रयत्नात विद्यार्थी एक यादी तयार करतात, ‘नाव नोंदवा’ या कळीला नाव शेवटी जोडण्याचा ठोकळा आणि ‘पुढील’ या कळीला पहिले नाव काढण्याचा ठोकळा लावतात. एका भ्रमणध्वनीवर ते उत्तम चालते. दोन भ्रमणध्वनींवर उघडताच दोन वेगवेगळ्या रांगा दिसू लागतात, कारण प्रत्येक यंत्राने आपली यादी आपल्यापाशीच ठेवलेली असते. ॲप इन्व्हेंटरमधील ‘टायनीडीबी’ हा घटक त्या त्या भ्रमणध्वनीवरच माहिती साठवितो. सर्वांना एकच रांग दिसावयाची तर यादी इंटरनेटवरील सामाईक ठिकाणी ठेवावी लागते. स्थानिक साठा व सामाईक साठा यांतील भेद या क्षणी विद्यार्थ्याला स्वतःच्या गरजेतून कळतो.

त्यानंतरची अडचण अधिक सूक्ष्म असते. दोन घरांनी एकाच क्षणी कळ दाबली, तर दोन्ही यंत्रे आधी जुनी यादी वाचतात, तिच्यात आपापले नाव जोडतात आणि संपूर्ण यादी परत लिहितात. ज्याचे लेखन नंतर पोहोचते त्याची यादी टिकते आणि आधीच्याचे नाव पुसले जाते. नळावर याला ‘माझा नंबर कोणी खाल्ला’ असे म्हणतात. संगणकशास्त्रात या दोषाचा अभ्यास पदवीच्या पातळीवर होतो. त्यावरील उपाय असा, की वाचणे, जोडणे व लिहिणे ही तिन्ही कामे मध्ये कोणी शिरणार नाही अशा एकाच अखंड क्रियेत करावयाची. ॲप इन्व्हेंटरच्या ‘क्लाउडडीबी’ या घटकात यादीच्या शेवटी नोंद जोडण्यासाठी व यादीतील पहिली नोंद काढून घेण्यासाठी असे स्वतंत्र ठोकळे दिलेले आहेत. दोन यंत्रांनी एकाच वेळी पहिली नोंद मागितली, तर एकाला पहिली व दुसऱ्याला दुसरी मिळते.

यानंतरचे प्रश्न ठोकळ्यांनी सुटत नाहीत. ज्या घरात भ्रमणध्वनी एकच आहे आणि तो कामावर गेलेल्या पुरुषाच्या खिशात आहे, त्या घराची पाळी कशी लागणार? संदेश मिळूनही कोणी आले नाही तर पुढच्याने किती वेळ थांबावे? आजारी शेजारणीसाठी दुसऱ्या कोणी नाव नोंदविले तर ते चालावे काय? हंड्यांच्या रांगेत या गोष्टी भांडून, समजावून, कधी कानाडोळा करून मिटत असत. ॲपमध्ये त्यांचे उत्तर आधीच लिहून ठेवावे लागते आणि ते लिहिणारी व्यक्ती वस्तीसाठी नियम करीत असते. नियम करण्याचा हा अधिकार आपल्याला कोणी दिला, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडला तर तो तास वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.

याहून मोठी गोष्ट ही, की अशा ॲपने नळाला एक थेंबही अधिक पाणी येत नाही. रांगेचा प्रश्न आणि पुरवठ्याचा प्रश्न हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिला पाणी भरणाऱ्यांच्या आपापसांतील व्यवस्थेचा आहे, तर दुसरा जलवाहिन्या, पाण्याचा दाब, पुरवठ्याच्या वेळा आणि अधिकृत जोडणी कोणाला मिळावी याविषयीच्या धोरणाचा आहे. मुंबईत हा दुसरा प्रश्न न्यायालयात गेला होता. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ रोजी निर्णय दिला. पाणी मिळण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी अनधिकृत आहे एवढ्या कारणाने तेथे राहणाऱ्यांना पाणी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले व त्यानुसार धोरण आखण्यास महानगरपालिकेला सांगितले. धारावीतील मुली ॲप शिकू लागल्या तेही हेच वर्ष होय. ‘पानी है जीवन’चा पाठ देताना या निर्णयाचा उल्लेख न करणे म्हणजे विद्यार्थ्यांना निम्माच धडा शिकविणे होय. ॲपने वाचलेला वेळ खरा असतो आणि एका मुलीच्या दृष्टीने तो मोलाचाही असतो. पाण्याचे वाटप मात्र अर्ज, सभा, याचिका व अंदाजपत्रक यांनी ठरते.

अध्यापनाची पद्धत

अनुभवी शिक्षक संगणक सुरू करण्यापूर्वी विद्यार्थ्यांना वही-पेन्सिल घेऊन बाहेर पाठवितात. बंद पथदिव्यांचा विषय घेतला तर पहिले काम दिवे मोजण्याचे असते. खांब कोठे आहे, त्यावर क्रमांक रंगविलेला आहे काय, दिवा पूर्ण बंद आहे की लुकलुकतो, किती दिवसांपासून बंद आहे, ही माहिती कोण देते, अशा रकान्यांचा तक्ता करावा लागतो. हा तक्ता म्हणजेच पुढे होणाऱ्या ॲपचा सांगाडा. ‘कोपऱ्यावरचा दिवा’ असे वर्णन दोघांनी दोन दिव्यांसाठी केले की प्रत्येक वस्तूला एकमेव ओळखचिन्ह का लागते ते कळते. खांबावरील क्रमांक ही विदागारातील प्राथमिक कळच असते. भ्रमणध्वनीने दाखविलेल्या स्थानात काही मीटरांची चूक असू शकते. खांब जवळ जवळ असतील तर ती चूक महाग पडते, म्हणून क्रमांक व स्थान दोन्ही नोंदविणे इष्ट ठरते.

दुसरे काम संबंधितांना भेटण्याचे. दिवा बदलणारा कर्मचारी, प्रभाग कार्यालयातील लिपिक, ग्रामपंचायतीत ग्रामसेवक यांच्याशी बोलल्यावर अनेकदा असे आढळते, की तक्रारी पोहोचतच नाहीत असे नाही. त्या पोहोचतात, परंतु नवा दिवा भांडारात नसतो, किंवा देखभालीचा ठेका संपलेला असतो. अशा ठिकाणी तक्रार नोंदविणारे आणखी एक ॲप करणे व्यर्थ होय. त्याऐवजी दिवा किती दिवसांनी दुरुस्त झाला याची तारीखवार नोंद ठेवणारा साधा तक्ता अधिक परिणामकारक ठरू शकतो, कारण तो ग्रामसभेत किंवा नगरसेवकापुढे मांडता येतो. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. त्याखाली अधिसूचित झालेल्या सेवांना कालमर्यादा असते आणि त्या पाळल्या न गेल्यास अपील करता येते. माहितीचा अधिकार अधिनियम २००५चा आहे. या दोन कायद्यांची ओळख नसलेला विद्यार्थी उत्तम ॲप करूनही त्यातील माहितीचे पुढे काय करावे या प्रश्नापाशी थांबतो.

तिसरी पायरी कच्च्या नमुन्याची. कागदावर पडद्यांची चित्रे काढून ती शेजारच्या आजींना दाखविली असता ‘हे दाबायचं की वाचायचं?’ असा प्रश्न आला, तर आज्ञावली लिहिण्यापूर्वीच एक चूक दुरुस्त होते. मराठी अक्षरे पुरेशी मोठी आहेत काय, ‘सबमिट’ऐवजी ‘पाठवा’ लिहावे काय, हे निर्णयही येथेच होतात. प्रत्यक्ष ठोकळे जोडण्याचे काम त्यानंतरचे असून ते तुलनेने लवकर आटोपते.

इतर देशांतील उदाहरणे

अमेरिकेतील टेक्सास राज्यात लॉस फ्रेस्नॉस येथील रेसाका मिडल स्कूलमधील सहा मुलींनी आपल्या दृष्टिहीन वर्गमित्रासाठी ‘हेलो नॅव्ही’ या ॲपची कल्पना मांडली व ॲप इन्व्हेंटर शिकून ते प्रत्यक्षात आणले. शाळेच्या इमारतीत एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाताना ते बोलून मार्ग दाखविते. उपग्रहाधारित स्थाननिश्चिती छपराखाली नीट चालत नसल्याने त्यांना अन्य युक्ती शोधावी लागली. या मुली कोडिंगमध्ये नवख्या होत्या, परंतु ज्याच्यासाठी काम करावयाचे तो मुलगा रोज त्यांच्यासमोर होता. उपाय चालतो की नाही हे विचारावयास दूर जावे लागत नव्हते.

मुलींसाठी असलेली ‘टेक्नोव्हेशन’ ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा २०१० पासून भरते. तारा चक्लोव्हस्की यांनी स्थापन केलेली संस्था तिचे आयोजन करते. समाजातील एखादा प्रश्न निवडून त्यावर ॲप करणे ही तिची मुख्य अट आहे. २०१४ मध्ये मोल्दोव्हा या देशातील मुलींचा संघ तीत विजयी झाला. तेथील ग्रामीण भागात विहिरींच्या दूषित पाण्यामुळे आजार पसरतात. कोणत्या विहिरीचे पाणी कसे आहे याची माहिती लोकांनी नोंदवावी व इतरांनी पाहावी यासाठी त्यांनी ‘आपा पुरा’, म्हणजे शुद्ध पाणी, हे ॲप केले होते. रुमानियन भाषेतील ‘आपा’ आणि संस्कृतातील ‘आपः’ हे शब्द दोन्ही भाषांत पाण्याचेच वाचक आहेत. २०१७ मध्ये केनियातील किसुमू येथील मुलींनी स्त्रियांच्या जननेंद्रियांचे कर्तन करण्याच्या प्रथेविरुद्ध मदत मागता यावी म्हणून ‘आय-कट’ हे ॲप सादर केले. २०१८ मध्ये नायजेरियाच्या अनांब्रा राज्यातील शाळकरी मुलींनी बनावट औषधे ओळखण्यासाठी बारकोड वाचणाऱ्या ॲपबद्दल सुवर्णपदक मिळविले.

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने २०१३ मध्ये संमत केलेल्या ठरावातून ‘काँग्रेशनल ॲप चॅलेंज’ ही स्पर्धा निघाली. तीत लोकप्रतिनिधी आपापल्या मतदारसंघातील शाळकरी विद्यार्थ्यांकडून ॲप मागवितात. विषयाचे बंधन नसले तरी नागरी विषयांवरील ॲप तीत पुष्कळ येतात. विद्यार्थ्याचे काम थेट लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात पोहोचते, हे या योजनेचे वेगळेपण आहे.

भारतातील व महाराष्ट्रातील स्थिती

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये इयत्ता सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगविषयक उपक्रम सुरू करण्याचे म्हटले आहे. त्यापूर्वी २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानांतर्गत सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘अटल टिंकरिंग लॅब’ सुरू झाल्या. निवडलेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि परिसरातील प्रश्नांवर उपाय शोधणे हा या प्रयोगशाळांचा एक घोषित हेतू आहे. पुण्याची ‘पाय जॅम फाउंडेशन’ ही संस्था २०१७ पासून रास्पबेरी पाय या अल्पमोली संगणकाच्या साहाय्याने सरकारी शाळांतून काम करते. ‘एसीएम इंडिया’ने २०१६ मध्ये सुरू केलेला ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम संगणकाविनाही करता येतील अशा कृतींवर भर देतो.

हा भर अगतिकतेतून आलेला नसला तरी परिस्थितीला धरून आहे. २०२३-२४च्या यूडायस प्लस अहवालानुसार देशातील सुमारे ५७ टक्के शाळांतच चालू स्थितीतील संगणक होते आणि सुमारे ५४ टक्के शाळांत इंटरनेट होते. जेथे संगणक आहेत तेथेही एका यंत्रापुढे चार-पाच विद्यार्थी, वेळापत्रकात आठवड्याला एखादी तासिका आणि तीही परीक्षेच्या दिवसांत दुसऱ्या विषयाला दिलेली, हे चित्र अपरिचित नाही. तक्ता आखणे, रांगेचे नियम लिहिणे, खांबांना क्रमांक देणे, नकाशा काढणे ही कामे मात्र विजेशिवाय होतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे अवघड भाग तोच असतो.

मर्यादा

अशा उपक्रमांवरील मुख्य आक्षेप टिकाऊपणाविषयी आहे. स्पर्धा संपते, विद्यार्थी दहावी-बारावीनंतर पांगतात, भ्रमणध्वनीची प्रणाली बदलते आणि ॲप उघडेनासे होते. सर्व्हरसाठी, म्हणजे सामाईक माहिती जेथे ठेवलेली असते त्या यंत्रासाठी, पैसे कोण भरणार हे ठरलेले नसते. रस्ता बांधणाऱ्याइतकाच तो झाडणाराही लागतो, तसे येथे देखभाल करणारे हात लागतात. ज्या शाळांत वरच्या वर्गातील विद्यार्थी आपले काम लेखी टिपणांसह खालच्या वर्गाकडे सोपवितात, तेथे ही अडचण काहीशी कमी होते. टिपणे लिहिण्याची ही सवय पुढे व्यवसायातही उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप वैचारिक आहे. प्रत्येक प्रश्नावर तांत्रिक तोडगा असतोच, असा समज या शिक्षणाने बळावू शकतो. महिलांच्या सुरक्षिततेसाठीचे ॲप इशारा पाठविते, परंतु इशारा मिळाल्यावर धावून येणारे कोणी नसेल तर तो वाऱ्यावर जातो. शिवाय खबरदारी घेण्याची जबाबदारी पीडितेवरच येते. बक्षीस समारंभात नव्या ॲपला टाळ्या मिळतात. ‘आम्ही पाहणी केली व येथे ॲपची गरज नाही असे आढळले’ असे सांगणाऱ्या संघाला बक्षीस देण्याची तरतूद बहुतेक स्पर्धांत नसते. प्रत्यक्षात तो निष्कर्ष अधिक कष्टाने मिळविलेला असू शकतो.

माहितीची गुप्तता

नागरी विषयांवरील ॲप लोकांची माहिती गोळा करतात. पाण्याच्या रांगेची नोंद वरवर निरुपद्रवी दिसते, परंतु कोणत्या घरातील स्त्री कोणत्या वेळी घराबाहेर असते हे तीतून कळू शकते. सुरक्षिततेच्या ॲपमध्ये मुलींचे स्थान साठविले जाते. ते अयोग्य हाती पडले तर ज्यापासून संरक्षण हवे तेच ओढवते. भारताच्या अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती ‘बालक’ असून तिच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. शाळेतील ॲप वर्गाबाहेर खुले करण्यापूर्वी कोणती माहिती मुळातच घेऊ नये, घेतलेली किती दिवसांनी पुसावी आणि ती पाहण्याचा अधिकार कोणाला असावा, हे विद्यार्थ्यांकडून लिहून घेणे उचित ठरते. रांगेसाठी पूर्ण नावाची गरज नसते, केवळ घरक्रमांकावर काम भागते. पाणी भरून झाले की तीही नोंद त्याच दिवशी काढून टाकता येते.